आई कपाळ का चाचपते?

पत्र (थोडक्यात): आई 81 वर्षांची. गोव्यातल्या मये गावचं घर बंद करून तिला पर्वरीला फ्लॅटवर आणलं. स्मृतिभ्रंश खूप पुढे गेलाय. सारखी दाराशी जाऊन "ते आयले?" विचारते. म्हणून दाराजवळ एक यंत्र लावलं. कोणी समोर आलं की ते माझ्या आवाजात सांगतं, "आई, तू माझ्या घरी आहेस. बाबा 2016 साली वारले. दार उघडू नकोस." दार उघडणं थांबलं, पण दिवेलागणीला फार कासावीस होते. हल्ली कपाळही चाचपते. त्वचेच्या डॉक्टरांना काही दिसलं नाही, मी मलम लावतो. तिच्यासाठी टॅब्लेट घेऊ की बोलणारा स्पीकर? बहीण म्हापशाला असून फिरकत नाही, तिचं काय करू?

उत्तर: मलम ठेवून द्या. तुमची आई कपाळावर कुंकू शोधतेय.

बहिणीवर तुम्ही दीड पान लिहिलंत, कपाळावर एक ओळ. मी त्या ओळीपाशीच थांबले. तिचा हात कपाळाकडे कधी जातो ते आज नीट बघा. यंत्र बोलून झालं की जात असणार. माझ्या मोठ्या काकीला काका गेल्याचं सांगितलं तेव्हा तिचा हात असाच वर गेला होता. रडू नंतर आलं.

ते यंत्र अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखतं. आई चपला शोधायला आली तरी तेच वाक्य ऐकवतं. बाबा गेले ही तुमच्यासाठी जुनी गोष्ट आहे. अल्झायमरसारख्या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा भाग, लवकर खराब होतो. त्यामुळे काल ऐकलेलं आज तिच्यापाशी नसतं. दर वेळी ती ही बातमी पहिल्यांदाच ऐकते, आणि तीही पोटच्या मुलाच्या आवाजात. दाराशी जितक्यांदा जाते, तितक्यांदा विधवा होते.

विसरते म्हणजे दुःखही विसरत असेल, असं समजू नका. 2014 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखद चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्ण लवकरच विसरले, दुःख मात्र राहिलं. ज्यांना कमी आठवत होतं, त्यांच्यात तर ते जास्त वेळ टिकलं. संध्याकाळी तुमच्या आईचं हेच होतंय. कशानं जीव घाबरतोय, हे तिला स्वतःलाही सांगता येत नसेल.

आणि ते वाक्य मराठीत कशाला? ती विचारते कोकणीत. घरात जन्मभर कोकणी बोललेल्या बाईला तुमचं उत्तर रेडिओवरच्या बातमीसारखं लागत असेल.

आज संध्याकाळच्या आत ते रेकॉर्डिंग पुसा. यंत्र राहू द्या. त्यात एवढंच भरा: "आई, हांव आसां गो. बस, च्या करतां." (मी आहे गं. बस, चहा करतो.) आणि खरोखर उठून चहा टाका, म्हणजे खोटं बोलल्याची टोचणी नको. तुम्ही घरात नसाल तेव्हा यंत्र बंद ठेवा, सोबतच्या माणसाला हेच बोलायला सांगा. दाराची काळजी वाटत असेल तर कडी तिच्या नजरेच्या वर बसवा. "ते आयले?" म्हणाली तर वारल्याचं काढू नका, बाबांना कुठलं हुमण (माशाची आमटी) आवडायचं ते तिलाच विचारा. बोलेल ती.

टॅब्लेट नको, स्पीकरही नको. नवी वस्तू शिकणं हेच तर तिचं गेलंय. बहिणीचं पुढच्या पत्रात बघू.

येत्या रविवारी मयेला जा, आईचा कुंकवाचा करंडा शोधून आणा. नाही सापडला तर म्हापशाच्या बाजारातून नवा घ्या. तिच्या हातात द्या आणि गप्प बसा. लावलंन तर लावू दे. कोणी पाहुणा "हे काय?" म्हणाला तर त्याला बाल्कनीत नेऊन समजवा, तिच्यासमोर नको. बोट थरथरेल, कुंकू वाकडं लागेल. नीट करायला म्हणून पुसू नका.