‘पहिला’च्या पुढचा शब्द

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा सोसायटीच्या गणपतीत तू बझर दाबलास, तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून वडापाव खात होतो. ‘ज्ञानपीठ मिळालेले मराठीतले पहिले...’ एवढं ऐकलंस आणि ‘वि. स. खांडेकर’ म्हणून मोकळी झालीस. प्रश्न होता पहिले कवी कोण. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं खरं, पण ते कादंबरीकार. कवी म्हणशील तर कुसुमाग्रज, १९८७. रात्री तुझा मेसेज, ‘काका, आता आणखी हजार प्रश्न पाठ करते.’ नको करूस. पाठांतर तुझं माझ्याहून चांगलं आहे. कच्चं आहे ते ऐकणं.

‘पहिला’ हा शब्द भारी लबाड. त्यानं मलाही तोंडघशी पाडलंय. वीसेक वर्षांपूर्वी इथे ठाण्यात, नौपाड्यातल्या एका कार्यक्रमात मी ऐटीत विचारलं, भारतातली पहिली रेल्वे कुठून कुठे धावली? पोरं एका सुरात ओरडली, ‘बोरीबंदर ते ठाणे!’ १६ एप्रिल १८५३, चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सगळं मी घडाघडा म्हणून दाखवलं. गावाच्या अभिमानाचा प्रश्न, टाळ्या पडणारच. त्या थांबल्यावर पुढच्या रांगेतले एक रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा उठले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, ‘मास्तर, ती पहिली प्रवासी गाडी. मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहायला १८३७ सालीच रेल्वे होती. रुडकीला कालव्याच्या कामावर माती ओढायला १८५१ साली इंजिन आलं होतं.’ आणि खाली बसले. घरी येऊन मी वहीतला ‘रेल्वे’ शब्द खोडून वर ‘प्रवासी गाडी’ लिहिलं. ती खाडाखोड अजून तशीच आहे, आलीस की दाखवीन.

सिनेमाचंही तेच. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, पण ‘श्री पुंडलिक’ त्याच्या आदल्या वर्षीचा, त्यामुळे वाद आहेच. मला त्या वादापेक्षा अण्णा साळुंके आवडतात. हॉटेलात काम करणारा हा माणूस फाळक्यांनी उचलला आणि तारामती केला, कारण बायका काम करायला तयार नव्हत्या. पुढे ‘लंकादहन’मध्ये राम पण तोच आणि सीता पण तोच! हे एकदा ऐकलं की कोण विसरेल, सांग?

म्हणून म्हणतो, सुटी माहिती टिकत नाही, तिला दुसरी कुठली तरी माहिती अडकलेली लागते. आपला ठाण्याचा किल्ला घे. ‘मराठ्यांनी तो कधी जिंकला? १७३७’ हे एवढंच पाठ केलंस तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरशील. पण तोच किल्ला पुढे इंग्रजांचा तुरुंग झाला, आजही तिथे तुरुंगच आहे. तिथे त्यांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना ठेवलं होतं. आरोप होता १८१५ साली पंढरपुरात झालेल्या, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा. पहाऱ्यावर मुद्दाम सगळे गोरे शिपाई. सांगतात की एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता मराठी गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातच पळायचा बेत असायचा. गोऱ्यांना मराठीचा गंध नाही! १८१६ च्या सप्टेंबरात डेंगळे निसटले, पुढच्या वर्षी इंग्रज-मराठे युद्ध पेटलं आणि १८१८ ला पेशवाई संपली. आता बघ, एका घोड्याच्या खराऱ्याला किती सनावळ्या लटकल्या.

साहित्यातल्या टोपणनावांचंही असंच. तलावपाळीला गडकरी रंगायतनवरून रोज जातेस. ते राम गणेश गडकरी कवितेत ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदी लेखनात ‘बाळकराम’. अग्रज म्हणजे थोरला भाऊ हे एकदा कळलं की कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ, आणि खरोखरच वि. वा. शिरवाडकरांच्या बहिणीचं नाव कुसुम होतं. दोन नावांत गोंधळ व्हायची भीती कायमची गेली.

आकड्यांची तुला भीती वाटते म्हणालीस. मग आपला माणूस सांगतो. गणिती द. रा. कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे, शाळा ठाण्यात. पुढे देवळालीला शाळामास्तर. डोंबिवली स्टेशनात सुचल्या म्हणून एका जातीच्या संख्यांना त्यांनी त्या स्टेशनच्या जुन्या नावावरून ‘डेमलो’ म्हटलं: १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, तसल्या. १९७५ साली अमेरिकेत गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला हे मास्तर कळले. आपल्याकडे अजूनही निम्म्या लोकांना ठाऊक नाहीत, हे मला टोचतं.

त्यांचा खेळ असा. चार अंकी कुठलीही संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिही, त्यातून चढत्या क्रमाचे वजा कर, येईल त्याचं पुन्हा तेच. आपल्या गाडीचंच साल घेऊ. १८५३: ८५३१ वजा १३५८, ७१७३. मग ७७३१ वजा १३७७, ६३५४. मग ३०८७, मग ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. इथे गाडी थांबते, पुढे कितीही वजाबाकी कर, ६१७४ च. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हे व्हायलाच हवं. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत मी हाच उद्योग करतो. एमएच ०४ च्या पुढचे चार आकडे घ्यायचे, नंबर येईपर्यंत दोन-तीन रिक्षा तरी हातावेगळ्या होतात. मागच्या आठवड्यात पुढचा माणूस म्हणाला, ‘काका, बसताय की मोजताय?’

त्यांचीच आणखी एक जात आहे, हर्षद संख्या. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जाणारी. गणिती रामानुजनला भेटायला हार्डी ज्या टॅक्सीनं आले, तिचा नंबर १७२९ बघ: बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१.

आता ६१७४ ला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग. मोबाइल बाजूला ठेवून, कागदावर. जो भागाकार येईल त्याच्याकडे नीट बघ, त्यातही एक गंमत लपलीय. फोनवर सांगू नकोस. रविवारी सकाळी ये, काकू पोहे करणार आहे.

तुझा,
काका