गाडीच्या पाट्यांवर खर्च करा, पण पॉलिसीवर कर्ज काढून नको

प्रश्न : वय ४१, नोकरी चाकणला, घर धायरीला. हातात महिना ८५ हजार येतात. गृहकर्ज ३८ लाख बाकी. पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि आई माझ्यावर अवलंबून. वडिलांची १९८५ची महिंद्राची जीप-पिकअप बरीच वर्षं गुहागरला उभी होती, ती पुण्यात आणली आहे. चारही पाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ते चॅसीला जोडणारे शॅकल आणि ते आसाला बांधणारे यू-बोल्ट गंजलेत. एक गॅरेज वेल्डिंग करून, जुन्याच पाट्यांना कमान भरून (गेलेला बाक पुन्हा देऊन) ३८ हजारांत देतो म्हणतं. दुसरं सगळं नवं घालायला १ लाख १० हजार मागतं. विमा पॉलिसीवर कर्ज काढून नवं घालू का? पॉलिसी मार्च २०२३ची. वर्षाला १ लाख २० हजार, तीन हप्ते भरलेत. १२ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी हमखास २८ लाख, विमा १२ लाखांचा. बँकेतून ८ टक्के परतावा सांगितला होता. दुसरा विमा म्हणजे कंपनीचा ग्रुप. गाडी फारशी फिरत नाही म्हणून तिचा विमा २०२१ पासून भरलेला नाही. पुढे व्हिंटेज म्हणून चांगली किंमत येईल ना?

उत्तर : पाट्यांचं नंतर बघू. आधी त्या ८ टक्क्यांचं.

तुम्ही भरणार १४ लाख ४० हजार, मिळणार २८ लाख. फायदा ९४ टक्के, त्याला १२ने भागलं की झाले जवळपास ८. ही शाळकरी भागाकाराची चलाखी बँकांच्या काउंटरवर रोज चालते. पैसे अडकतात वीस वर्षं आणि व्याज चक्रवाढीने मोजायचं असतं. तसं मोजलं तर हा परतावा साडेचार-पावणेपाच टक्के पडतो. हेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी गेले असते तर विसाव्या वर्षी ४० लाखांच्या घरात पोचले असते. १२ लाखांची तफावत आहे, आणि तीही कुठलीही जोखीम न घेता.

त्याहून वाईट म्हणजे तुमचा विमा. ३८ लाखांचं कर्ज आणि तीन माणसं डोक्यावर असताना विमा १२ लाखांचा! ग्रुप विमा नोकरी सुटली की सुटतो, तो मोजू नका. कर्जाचे ३८ आणि महिना ४० हजारांप्रमाणे पंधरा वर्षांचा घरखर्च ७२, म्हणजे १ कोटी १० लाख होतात. सव्वा कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वयाच्या साठीपर्यंत घ्या. धूम्रपान नसेल, तब्येत बरी असेल तर वर्षाला २५ हजारांच्या आसपास धरा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही.

मग जुन्या पॉलिसीचं काय? तीन हप्त्यांनंतर सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर हमीची रक्कम भरलेल्याच्या ३५ टक्के, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. प्रत्यक्षात थोडे जास्त मिळू शकतात. पण पुढचे हप्ते थांबवून ती पेड-अप केली तर ढोबळमानाने १२ पैकी ३ हप्त्यांचा वाटा, म्हणजे विसाव्या वर्षी ७ लाख मिळतील. आज दीड लाख हातात घेऊन सतरा वर्षांत ७ लाख करायचे तर ९ टक्क्यांहून जास्त परतावा लागेल. तेव्हा अडकलेले अडकू द्या, नवे घालू नका. उरलेले नऊ हप्ते भरून जे जादा २१ लाख मिळतील, त्यांचा दर जेमतेम ५ टक्के पडतो. पेड-अपचा आणि सरेंडरचा आकडा विमा कंपनीकडून लेखी घ्या, एजंटाच्या तोंडी नको. पेड-अपचा आकडा ७ लाखांहून बराच कमी आला तर हिशेब पुन्हा करा. क्रम चुकवू नका : आधी टर्म पॉलिसी हातात, मग बँकेतला ऑटो-डेबिट बंद.

त्याच पॉलिसीवर कर्ज म्हणाल तर सरेंडर किमतीच्या काही टक्केच मिळतं, तुमच्या बाबतीत लाखभरही कष्टाने. हप्ते थांबवल्यावर कर्ज आणि थकलेलं व्याज सरेंडर किमतीच्या वर गेलं की पॉलिसीच संपते. हा विचार सोडा.

आता गाडी. ३८ हजारांच्या कोटेशनला हात जोडा. पाट्याचं पोलाद टेम्पर केलेलं, म्हणजे ठरावीक उष्णता देऊन चिवट केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने टेम्पर जातो आणि जोडाशेजारी तडा जातो, तोही भर घाटात. गंजाने दहा टक्के जाडी गेली की त्या पाट्याचा ताठपणा चौथाईहून जास्त उतरतो, कारण तो जाडीच्या घनावर चालतो. अशा पाट्याला कमान भरली तर थोड्याच दिवसांत पुन्हा बसते. दुसरं कोटेशनही आंधळं आहे. नवे पाटे बसणार कशाला? चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला. म्हणून एक रुपया देण्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन हँगर-ब्रॅकेटभोवतीची (पाट्याची टोकं अडकतात तिथली) चॅसी हातोडीने ठोकून पाहा. मागच्या हँगरजवळ चिखल साचतो, तिथे जास्त. ठणठणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला आणि स्क्रूड्रायव्हर आत घुसला तर आधी पत्रा कापून प्लेट मारण्याचा खर्च विचारा. तो मोठा निघाला तर पाट्यांचा प्रश्नच बाजूला पडेल.

चॅसी चांगली असेल तर मागची जोडी पूर्ण नवी घ्या. पाटे नेहमी जोडीने बदलायचे, नाहीतर गाडी एका बाजूला कलते. पुढचे उघडा, एकेक पट्टी ब्रशने घासा, मध्ये आणि टोकाला कॅलिपर लावून जाडी मोजा. खड्डे नसतील आणि जाडी टिकून असेल तर मधे ग्राफाइट ग्रीस लावून तेच बांधा. यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकल पिन आणि बुश मात्र चारही बाजूंना नवेच. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा धरत नाही आणि गंजलेला खोलताना बहुधा कापावाच लागतो. गॅस कटरची ज्योत पाट्याला लागू देऊ नका. यू-बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशेनंतर आवळायचे. सुटे भाग नाना पेठेत विचारा. जुन्या बाजारातले पाटे स्वस्त मिळतात, पण त्यांचं वय कोणी सांगत नाही. माझा अंदाज ६५ ते ७० हजार.

व्हिंटेजची आशा सध्या बाजूला ठेवा. २०२१च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते, तुमची २०३५ला तिथे पोचेल. शिवाय चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. प्लेट मारताना हे लक्षात असू द्या. आणि व्हिंटेज नोंद झाली की धंद्यासाठी वापर बंद.

विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणलीत तर दंड २ हजार, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. खरी भीती वेगळी : कोणी दगावलं तर भरपाईला कमाल मर्यादा नाही आणि ती तुमच्या घरादारातून वसूल होते. आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, मुदतही पाहा. खासगी नोंद असेल तर १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि २० वर्षांपुढच्या हलक्या चारचाकीला आता १० हजार फी आहे. मालवाहू नोंद असेल तर फिटनेस दरवर्षी. तोवर गाडी गॅरेजपर्यंत टो करूनच न्या.

मार्चचा १ लाख २० हजारांचा हप्ता न भरता ठेवलात तर टर्म विम्याचे २५, पाट्यांचे ७०, आरसीचे १० आणि गाडीचा थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) असं सगळं त्यात बसतं. पुढच्या वर्षापासून टर्म आणि गाडीचा विमा भरून उरतील ते पीपीएफमध्ये जाऊ द्या.