पाटणला रुजू होताना

पाटण तालुक्यातलं पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, मिळालंय म्हणतोस, तर खुर्चीत बसण्याआधी औषधांचं कपाट उघड. सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या कुप्या किती, मुदत कधी संपते, त्याची रिअ‍ॅक्शन आली तर लागणारं अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी आहे का, स्वतः बघ. प्रतिविषाचा सुरुवातीचा डोस साधारण १० कुप्यांचा. लहान मुलालाही मोठ्याइतकाच. विषाचा रक्तावर परिणाम झालाय का कळायला रक्त २० मिनिटांत गोठतंय का ते बघतात; त्याला कोरडी, स्वच्छ काचेची नळी लागते, प्लॅस्टिकची चालत नाही. पावसाळ्यात पहाटे कुणी पोटदुखी घेऊन आलं, रात्री जमिनीवर झोपलेलं असलं आणि पापण्या जड दिसल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नकोस. मण्यार बऱ्याचदा खूणच ठेवत नाही.

साहेबगिरीचं म्हणशील, तर जुन्या सिस्टरला चारचौघांत झापू नकोस. आशाताईला चहाला बसव. कुठल्या वाडीत कोण गरोदर, कुणी बीपीच्या गोळ्या सोडल्या, हे तिला रजिस्टरच्या आधी कळतं. देवऋषाकडून आलेल्या पेशंटवर ओरडलास तर पुढचा येणारच नाही. कऱ्हाडला पाठवताना १०८ला फोन लाव, चिठ्ठीवर वेळ आणि दिलेला डोस लिही. आणि अक्षर वाचता येईल असं काढ, तेवढी मेहरबानी कर.