एकाच वर्गात फ्रेंचचे जाणकार आणि नवखे: पर्यटनाचा विषय कसा शिकवावा?

महाविद्यालयातला पर्यटनाचा विषय फ्रेंचमधून शिकवायचा असून काहींनी ती भाषा बारावीपर्यंत घेतली आहे, काहींना मुळाक्षरेही नवीन, असा तुमचा प्रश्न आहे. वर्गाचे दोन तुकडे करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठ सर्वांना एकच द्यावा, काम मात्र वेगळे द्यावे. उदाहरणार्थ, १६६४ साली बांधकाम सुरू झालेल्या सिंधुदुर्गावरील छोटा फ्रेंच उतारा घेतल्यास नवख्यांनी नकाशावर तट, दरवाजा आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी दाखवून फ्रेंच नावे लिहावीत, तर जाणकारांनी पर्यटकाला तीच माहिती तोंडी सांगावी. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची बरीच व्यंजने उच्चारली जात नसल्याने नवख्यांना नुसते ऐकून शब्द ओळखता येत नाही. म्हणून व्याख्यानापूर्वी महत्त्वाचे शब्द फळ्यावर लिहावेत. पहिली चर्चा मराठीत झाली तरी बिघडत नाही (मालवणीतही चालेल). गुण देताना विषयाचे ज्ञान आणि भाषेची शुद्धता वेगवेगळी तपासावी, अन्यथा किल्ल्याची उत्तम जाण असलेला विद्यार्थी केवळ क्रियापदांच्या रूपांमुळे मागे पडतो.