वाचकांचे प्रश्न : जुन्या फोर्डच्या सीटसाठी स्प्रिंगा कुठून आणाव्यात?

प्रश्न : आमच्या आजोबांनी घेतलेली १९२९ सालची, कापडी टपाची फोर्ड 'मॉडेल ए' गाडी आम्ही पुन्हा रस्त्यावर आणत आहोत. इंजिन आणि गिअरबॉक्सचे काम उरकले असून आता सीटचे काम काढले आहे. पुढच्या सीटच्या बऱ्याच स्प्रिंगा तुटल्या आहेत, तर मागच्या गंजलेल्या असल्या तरी शाबूत आहेत. एका कुशनवाल्याने सगळ्या स्प्रिंगा काढून फोम भरण्याचा सल्ला दिला. उद्यमनगरातील दोन कारागिरांना विचारले, तेव्हा एकाने नऊ नंबरची तार घ्या म्हणून सांगितले आणि दुसऱ्याने दहा नंबरची. तयार स्प्रिंगा कुठे मिळतील, की त्या इथेच वळून घ्याव्यात? स्प्रिंगा बदलल्याने विंटेज नोंदणीला अडचण येईल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी एक आग्रहाची विनंती. सीटमधून निघालेली एकही स्प्रिंग, ती तुटकी असली तरी, भंगारात घालू नये. पुढचे सगळे काम त्या स्प्रिंगांवरून घेतलेल्या मापांवर अवलंबून आहे. सीट उसवण्यापूर्वी वरून, खालून आणि बाजूने छायाचित्रे काढावीत, प्रत्येक स्प्रिंगला चिठ्ठी बांधून ती कोणत्या ओळीतील कितवी हे लिहावे, आणि तुटलेल्या स्प्रिंगचे दोन्ही तुकडे एकत्र ठेवावेत.

तयार स्प्रिंगांच्या बाबतीत आपण सुदैवी आहात. १९२७ च्या अखेरीपासून १९३२ च्या सुरुवातीपर्यंत 'मॉडेल ए'च्या सुमारे ४८ लाख गाड्या तयार झाल्या, आणि त्यांतील पुष्कळ आजही लोकांनी जपल्या असल्यामुळे अमेरिकेत या गाडीचे बहुतेक सुटे भाग, सीटच्या स्प्रिंगांच्या जोडलेल्या चौकटींसह, नव्याने बनवून विकले जातात. मात्र मागणी नोंदवताना केवळ 'मॉडेल ए' एवढे सांगून भागत नाही. १९२८-२९ ची बॉडी आणि १९३०-३१ ची बॉडी वेगळी आहे, आणि कापडी टपाच्या चारदारी गाडीची सीट बंद गाडीच्या सीटला बसत नाही. शिवाय भारतात फोर्डचा कारभार १९२६ पासून कॅनडातील कंपनीच्या हाताखाली चालत होता आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या तिकडूनच येत, त्यामुळे अमेरिकी गाडीसाठी केलेली चौकट आपल्या सीटच्या खोक्यात तंतोतंत बसेलच असे गृहीत धरू नये. खोक्याची आतील रुंदी, खोली, पुढची व मागची उंची यांचा हाताने काढलेला आराखडा मिलिमीटरमध्ये मापे लिहून विक्रेत्याला पाठवावा आणि त्याचा होकार आल्यावरच पैसे भरावेत.

खर्चाचा खरा प्रश्न किमतीपेक्षा वाहतुकीचा आहे. विमानाने येणाऱ्या पार्सलचे भाडे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५००० ने भागण्याची पद्धत सर्रास आहे. १२० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच खोके या हिशेबाने २४ किलोचे ठरते, मग आत पोकळ स्प्रिंगांची हलकी चौकट का असेना. त्यावर आयात शुल्क वेगळे. म्हणून केवळ पुढच्या एका सीटसाठी हा मार्ग मला परवडणारा वाटत नाही. ओळखीच्या कोणाचा इतर भागांचा माल समुद्रमार्गे येणार असेल आणि त्यात आपली चौकट घालता आली, तर मात्र जरूर विचार करावा.

मुंबईतील ऑपेरा हाउस आणि कुर्ला, किंवा पुण्यातील नाना पेठ आणि जुना बाजार येथे जुन्या गाड्यांच्या भागांसाठी लोक जातात, पण सीटच्या स्प्रिंगांसाठी तिकडे फेऱ्या घालू नयेत, असे माझे मत आहे. शंभरीकडे झुकलेल्या गाडीची तिथे मिळालेली स्प्रिंगही आपल्या स्प्रिंगइतकीच दमलेली असणार.

माझा सल्ला असा की स्प्रिंगा कोल्हापुरातच वळून घ्याव्यात. ऑइल इंजिने आणि शेतीची यंत्रे यांच्यावर पोसलेल्या शिवाजी उद्यमनगरात नमुन्याबरहुकूम वस्तू करून देणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहेत, आणि सीटची स्प्रिंग ही त्यांच्या दृष्टीने अवघड वस्तू नव्हे. अवघड आहे ती तार ठरवणे.

दोन्ही कारागिरांच्या सांगण्यात एकाच नंबरचा फरक आहे, पण तो क्षुल्लक मानू नये. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश गेजप्रमाणे, म्हणजे तारेच्या जाडीच्या नंबरांच्या पद्धतीप्रमाणे, दहा नंबरची तार ३.२५ मिमी जाडीची असते आणि नऊ नंबरची ३.६६ मिमी. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवून दहाऐवजी नऊ नंबरची तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे ६० टक्के अधिक ताठ होते आणि सीटवर बसणारा दबण्याऐवजी उसळतो. त्यात आणखी एक गुंता आहे. पोलादी तारेचे अमेरिकी गेज वेगळे असून त्यातील दहा नंबर ३.४३ मिमी भरतो. तेव्हा अमेरिकी माहितीपत्रकातील नंबर घेऊन इथल्या दुकानात तार मागितली, तर ताठपणात जवळपास पाचव्या हिश्श्याचा फरक पडतो. म्हणून नंबराची भाषा सोडून द्यावी आणि कारागिराशी फक्त मिलिमीटरमध्ये बोलावे.

हे माप आपल्याच स्प्रिंगमधून मिळेल. गंजलेल्या जागी तार झिजून बारीक झालेली असते, त्यामुळे तिथले माप फसवे असते. जिथे क्लिप किंवा सुतळीची गाठ बसली होती, किंवा मूळ काळा रंग अजून टिकून आहे, अशी जागा शोधावी, ती बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ करावी आणि मायक्रोमीटरने दोन काटकोनी दिशांनी मोजावी. निरनिराळ्या स्प्रिंगांवर अशी मापे घेतली की त्यांतील सर्वांत मोठी मापे एकमेकांच्या जवळ येतात, तीच मूळ जाडी समजावी. बैठकीच्या आणि पाठीच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या मोजाव्यात, कारण पाठीला बहुधा बारीक तार वापरलेली असते. कडेने फिरणारी जाड तारही वेगळी नोंदवावी.

उंचीचे माप घेताना अधिक सावध राहावे लागते. वर्षानुवर्षे भार सोसून स्प्रिंग खचते, आणि चालकाच्या बुडाखालची स्प्रिंग सर्वांत जास्त खचलेली असते. ती नमुना म्हणून दिली, तर नवी स्प्रिंग जन्मतःच म्हातारी होईल. मागच्या सीटच्या कोपऱ्यांत फारसे कोणी बसत नाही. तिथल्या स्प्रिंगा जाडी आणि वेटोळ्यांच्या संख्येत पुढच्यांशी जुळत असतील, तर उंची तिथून घ्यावी. वेटोळी मोजताना स्प्रिंग एकाच बाजूला निमुळती आहे की डमरूसारखी मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद आहे, शेवटचे टोक तारेलाच गाठ मारून बंद केले आहे की मोकळे सोडले आहे, हेही लिहावे. व्यासाकडे दुर्लक्ष चालत नाही. व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर ताठपणा सुमारे पाव हिश्श्याने उतरतो.

तार विकत घेताना दुकानदाराकडे स्प्रिंगची तार, म्हणजे आयएस ४४५४ या भारतीय मानकाची, असे स्पष्ट सांगून मागावी आणि शक्य असेल तर चाचणीचा दाखला घ्यावा. बांधकामावरची काळी तार किंवा कुंपणाची जस्ताची तार जाडीला जुळली तरी उपयोगाची नाही, कारण ती दबली की दबूनच राहते. हातभर तुकडा थोडा वाकवून सोडावा. स्प्रिंगची तार झटक्याने सरळ होते, साधी तार वाकलेलीच राहते. जुन्या गाद्यांतील स्प्रिंगा वापरण्याचा मोहही टाळावा. त्यांची तार साधारण २.२ ते २.४ मिमीची असते, आणि इतर मापे सारखी धरली तरी ३.२५ मिमीच्या तारेपुढे तिचा ताठपणा जेमतेम चौथा हिस्सा भरतो.

सगळ्या स्प्रिंगा एकदम वळायला न देता आधी दोनच नमुने करून घ्यावेत आणि त्यांची चाचणी स्वतः समोर उभे राहून घ्यावी. ड्रिल मशीनच्या टेबलावर साधा वजनकाटा ठेवावा, त्यावर मागच्या कोपऱ्यातील चांगली जुनी स्प्रिंग उभी करावी, ड्रिल धरणाऱ्या चकमध्ये सपाट टोकाचा दांडा धरून स्प्रिंगच्या डोक्यावर लाकडी चकती ठेवावी, आणि मशीन बंदच ठेवून हँडलने स्प्रिंग २५ मिमी, मग ५० मिमी दाबून काट्यावरचे किलो लिहून घ्यावेत. नंतर नवी स्प्रिंग त्याच रीतीने दाबावी. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, की तार, व्यास आणि वेटोळी या तिन्ही गोष्टी जमल्या. नवी स्प्रिंग या चाचणीआधी काही वेळा पूर्ण मिटेपर्यंत दाबून सोडणे आवश्यक आहे. पहिल्या दाबांत ती थोडी बसते आणि मग त्या उंचीवर स्थिरावते. कारागिराला हे आधीच सांगितले, म्हणजे तो उंची किंचित जास्त धरून वळेल.

वळून झाल्यावर स्प्रिंगा २०० ते २५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत सुमारे अर्धा तास ठेवून घ्याव्यात, म्हणजे वळताना तारेत साठलेला ताण उतरतो. गॅसच्या ज्योतीने मात्र त्यांना हात लावू देऊ नये. लाल झालेल्या तारेचा पीळ कायमचा जातो.

फोमबद्दल आपण थेट विचारले नसले तरी लिहितो. फोम स्वस्त आहे आणि लवकर भरून होतो, पण या सीटची उंची, पुढच्या कडेची गोलाई आणि बसताच खाली जाऊन अलगद वर येणारी तिची बैठक, हे सारे स्प्रिंगांमुळे आहे. शिवाय कोल्हापूरच्या पावसाळ्यात कापडी टपाच्या गाडीत पाणी शिरतेच. फोम ते धरून ठेवतो आणि खालचा पत्रा व लाकूड खातो. स्प्रिंगांमधून हवा खेळते. स्प्रिंगांवर जाड तरट ताणून शिवावे, त्यावर काथ्याचा थर, त्यावर कापसाचा पातळ थर आणि मग चामडे किंवा रेक्झिन असे काम करून घ्यावे. चामडे घेणार असाल तर मऊ, गाड्यांच्या बैठकीसाठीच कमावलेले घ्यावे. चपलांसाठी कमावलेले आपल्याकडचे चामडे कितीही उत्तम असले तरी या कामाला ताठ पडते.

नोंदणीची काळजी नसावी. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला विंटेज म्हणून नोंदता येते, आणि तिथे भर आहे तो चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसण्यावर. सीटच्या आतील स्प्रिंगा मूळ मापाने बदलणे ही दुरुस्ती आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या मॉरिस गाडीच्या सीटच्या स्प्रिंगा गंजल्या आहेत, पण फक्त दोनच तुटल्या आहेत. त्या वेल्डिंग करून सर्व संचाला निकेल चढवून घेतले तर चालेल का? बसताना सीट करकरते, त्यावरही उपाय सुचवावा.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दोन्ही गोष्टी करू नयेत. वेल्डिंगने जोडाच्या दोन्ही बाजूंची तार आपला गुण गमावते आणि स्प्रिंग थोड्याच दिवसांत जोडाशेजारी पुन्हा तुटते. त्या दोन स्प्रिंगा वरील रीतीने नव्याने वळून घ्याव्यात. निकेल चढवण्याआधी माल आम्लात बुडवतात आणि नंतर त्यातून वीज सोडतात. या दोन्ही टप्प्यांत हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि कडक तार त्याने ठिसूळ होऊन भाराखाली अचानक तुटते. मुलामा चढवल्यावर लगेच माल भाजून हा धोका कमी करता येतो, पण जी वस्तू आयुष्यभर कापडाखाली झाकलेली राहणार, तिच्यासाठी हे सोपस्कार कशाला? सँड ब्लास्टिंग करून किंवा तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा, त्याच दिवशी प्रायमर लावावा आणि वर काळा रंग द्यावा. पावडर कोटिंगही चालेल, त्याची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असल्याने तारेला इजा होत नाही. गंज काढल्यावर तारेत खोल खड्डे दिसले, तर ती स्प्रिंग बाद समजावी, कारण तडा तिथूनच जातो.

करकर बहुधा दोन तारा एकमेकींवर घासल्याने येते. उघड्या सीटवर एका माणसाला हळूहळू वजन टाकायला सांगावे आणि खालून हात फिरवून आवाजाची जागा शोधावी. तिथली क्लिप सैल असेल तर बदलावी, आणि दोन तारांच्या मध्ये चामड्याचा पातळ तुकडा घालून तो मेण लावलेल्या सुतळीने घट्ट बांधावा. तेल किंवा ग्रीस लावू नये. ते वर झिरपून तरटाला आणि कापसाला डाग पाडते, आणि धूळ धरून पुन्हा तिथेच कुरकुर सुरू होते.