मानेतील खोल जखम : शस्त्रक्रिया लगेच का नाही?

प्रश्न : ऊसतोडीत कोयत्याचे टोक माझ्या चुलतभावाच्या मानेत घुसले. सांगलीतील डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करता सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण) केली आणि २ दिवस नुसते देखरेखीखाली ठेवले. ही दिरंगाई नव्हे काय? (एक वाचक, वाळवा तालुका)

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून तसे वाटत नाही. त्वचेखालच्या प्लॅटिझ्मा या पातळ स्नायूला भेदणारी प्रत्येक जखम पूर्वी उघडून पाहण्याची पद्धत होती आणि पुष्कळदा आत गंभीर इजा सापडतच नसे. आता जोराचा रक्तस्राव, वाढत जाणारी सूज, जखमेतून येणारे हवेचे बुडबुडे किंवा कोसळता रक्तदाब दिसला, तरच रुग्णाला थेट शस्त्रक्रियागृहात नेतात. प्रकृती स्थिर असल्यास आधी रक्तवाहिन्यांचे चित्रण करतात. जखम जबड्याच्या कोनाच्या वर किंवा गळ्याच्या तळाशी असेल, तर तेथील रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचणेच कठीण असल्याने हे चित्रण विशेष मोलाचे ठरते. अन्ननलिकेची इजा मात्र फसवी असते : सुरुवातीला गप्प राहून ती पुढे छातीत जंतुसंसर्ग पसरवू शकते, म्हणूनच ती देखरेख. गिळताना दुखू लागले किंवा ताप आला, तर लगेच दाखवावे. फडातल्या मंडळींनाही सांगा, की रुतलेले पाते उपसू नये. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाने थेट दाब द्यावा, गळ्याभोवती पट्टी आवळू नये.