ऑर्डर पाळायची की डोकं वापरायचं?

प्रश्न : मी आरमोरी तालुक्यातल्या खेड्यातली, जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टरांनी लिहिलं ते करायचं, विचारायचं नाही, असं सिनियर म्हणतात. मग 'क्लिनिकल जजमेंट' (पेशंटची अवस्था बघून स्वतः निर्णय घेणं) आणि 'एथिक्स' (पेशाची नीतिमूल्यं) परीक्षेपुरतंच का? गावात लोक याचा-त्याचा रिपोर्टही विचारतात. त्यांना काय सांगू?

उत्तर : सिनियर अर्धंच सांगतात. डॉक्टर राउंड घेऊन जातात, पेशंटजवळ तू असतेस. बाळंतपणाच्या वॉर्डातलंच बघ. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे झटके रोखणारं इंजेक्शन, दर 4 तासांनी लिहिलेलं असतं. रात्री दोनच्या डोसआधी गुडघ्यावर ठोकून बघायचं, पाय उडतो का. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, 16 पेक्षा कमी नकोत. मागच्या 4 तासांत लघवी ताशी 30 मिलीच्या हिशेबाने तरी झालेली हवी. यातलं एकही कमी पडलं तर डोस थांबवायचा, त्यावरचा उतारा असलेलं कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी घ्यायचं, डॉक्टरांना लगेच फोन लावायचा. ऑर्डर आहे म्हणून तसाच टोचला तर बाईचा श्वास बंद पडू शकतो.

फोनवर "पेशंट बरी वाटत नाही" एवढ्यावर थांबू नकोस. "श्वास 12, गुडघ्याचा रिफ्लेक्स नाही, 4 तासांत लघवी 60 मिली, दोनचा डोस थांबवलाय," असं सांग. मग वेळ टाकून नोट्समध्ये लिही. हे उलट बोलणं नव्हे, हीच तुझी ड्युटी. सध्या विद्यार्थिनी आहेस, म्हणून आधी सिस्टरांना दाखव. पण दिसलेलं गिळू नकोस.

आता रिपोर्टचं. आपल्याकडे सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार आहे, त्यामुळे सोयरीक जुळवताना पाहुणे नर्सबाईचं दार हमखास ठोठावतात. विचारणारा सख्खा मामा असो की सरपंच, कुणाचाही रिपोर्ट सांगायचा नाही. मात्र "लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांची तपासणी करा, दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण पुढच्या पिढीला देऊ शकणारे) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते," हे आवर्जून सांग. एवढ्याने कित्येक घरांचं भलं होतं आणि कुणाचं गुपितही फुटत नाही.

जीएनएमनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी कर. पुढे 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) जरूर कर.

आतापासून एक वही ठेव. पेशंटमध्ये काय दिसलं, त्यावरून काय वाटलं, काय केलं, पुढे काय झालं, हे रोज लिही आणि ट्यूटर मॅडमना दाखव. पेशंटचं नाव मात्र त्यात लिहू नकोस.